ब्राँकस (फुप्फुसात हवा नेणारी नळी) अडवल्यावर फुप्फुस नेमकं कशामुळे मिटतं, आणि कुत्र्यात व डुकरात इतका फरक का?

श्वसनवर्ग

नमस्कार. शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गासाठी अडथळ्यामुळे होणारा ॲटेलेक्टॅसिस (हवा निघून जाऊन फुप्फुसाचा भाग मिटणं) हा भाग तयार करतो आहे. तीन गोष्टी नीट उलगडत नाहीत.

एक, बहुतेक पुस्तकं "अडकलेली हवा रक्तात शोषली जाते" एवढं सांगून थांबतात. पण वायुकोशातल्या (फुप्फुसातल्या सूक्ष्म हवापिशव्यांतल्या) हवेचा दाब वातावरणाइतकाच असतो आणि रक्तही त्याच हवेशी समतोल साधून बाहेर पडतं. मग शोषून घ्यायला जोर येतो कुठून?

दोन, साधी हवा घेणाऱ्या प्राण्यात फुप्फुस मिटायला काही तास लागतात, तर शंभर टक्के ऑक्सिजनवर काही मिनिटं. ऑक्सिजनचं प्रमाण पाचपटच वाढलं, वेळ मात्र पाचपटीपेक्षा कितीतरी जास्त घटला. हे कसं?

तीन, कुत्र्यात सेगमेंटचा (लोबच्या, म्हणजे फुप्फुसाच्या मोठ्या पाळीच्या, एका भागाचा) ब्राँकस अडवला तरी पुढचा भाग फुगलेला राहतो, डुकरात तो मिटतो. दोघांच्या फुप्फुसात असा काय फरक आहे?

शिवाय अशा प्रयोगाची रचना विद्यार्थ्यांसमोर टीकेसाठी ठेवायची आहे. ती कुठे कुठे फसते हे कुणी तपशिलात सांगितलं तर फार उपयोग होईल.

---

वायुकोश

पहिल्या प्रश्नातली गफलत "रक्त त्याच हवेशी समतोल साधतं" या वाक्यात आहे. फुप्फुसातून बाहेर पडणारं रक्त समतोल साधतं, पण वायुकोशापाशी येणारं रक्त मिश्र शिरांचं (साऱ्या शरीरातून परतलेलं) असतं. सगळा खेळ त्या रक्ताचा आहे.

आकडे मांडून बघा. साधी हवा घेताना धमनीच्या रक्तात ऑक्सिजनचा दाब साधारण १००, कार्बन डायऑक्साइड ४०, नायट्रोजन ५७३ आणि पाण्याची वाफ ४७ मिमी पारा. बेरीज ७६०. मिश्र शिरांच्या रक्तात ऑक्सिजन ४०, कार्बन डायऑक्साइड ४६, नायट्रोजन तेच ५७३, वाफ ४७. बेरीज ७०६. म्हणजे ५४ मिमीची तूट. पेशींनी ऑक्सिजन घेतला तेव्हा त्याचा दाब ६० ने पडला, बदल्यात जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड रक्तात आला, पण त्याचा दाब जेमतेम ६ ने चढला. याचं कारण दोन्ही वायूंचे रक्तातले वक्र (कुठल्या दाबाला रक्त किती वायू धरतं ते दाखवणारे) अगदी वेगळ्या उताराचे आहेत. या विषमतेतून आलेली तूट हाच शोषणाचा जोर. प्ल्युरामध्ये (फुप्फुसाभोवतीच्या आवरणाच्या पोकळीत) शिरलेली हवा आपोआप जिरते तीही याच तुटीमुळे, त्यामुळे वर्गात दोन्ही विषय एकाच फळ्यावर शिकवता येतात.

आता ब्राँकस बंद केल्यावर आत काय घडतं ते क्रमाने पाहा. छातीची भिंत आणि शेजारचे लोब आत सरकत असल्यामुळे अडकलेल्या वायूचा एकूण दाब ७६० च्या आसपासच राहतो. पहिल्या एकदोन मिनिटांत त्यातला ऑक्सिजन शिरेच्या पातळीपर्यंत, म्हणजे ४० पर्यंत उतरतो, आणि कार्बन डायऑक्साइड ४६ ला येतो. उरलेल्या जागेत नायट्रोजन दाटतो: ७६० मधून ४०, ४६ आणि ४७ वजा केले की ६२७. रक्तात तो ५७३ आहे, म्हणून आता तो ५४ मिमीच्या फरकाने बाहेर पडू लागतो. नायट्रोजन थोडा गेला की ऑक्सिजनचा दाब पुन्हा किंचित वाढतो आणि तोही निघतो. अशी ही रांग चालते, आणि तिचा वेग नायट्रोजन ठरवतो, कारण तो रक्तात फार कमी विरघळतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी ढोबळ हिशेब करून दाखवतो. ३० किलोचं डुक्कर, डाव्या फुप्फुसात अडकलेला वायू ३४० मिलि, त्या फुप्फुसातून रक्तप्रवाह मिनिटाला १३५० मिलि धरा.

शुद्ध ऑक्सिजन असेल तर प्रत्येक १०० मिलि रक्त सुमारे ५ मिलि ऑक्सिजन हिमोग्लोबिनमार्फत उचलतं. १३५० मिलि रक्त मिनिटाला ६७ मिलि उचलेल. ३४० भागिले ६७, म्हणजे पाच मिनिटं.

साधी हवा असेल तर पहिल्या टप्प्यात आकारमान ५७३ भागिले ६२७ इतकं, म्हणजे सुमारे ९१ टक्के उरतं: ३१० मिलि. त्यात नायट्रोजन २५६ मिलि. रक्तात नायट्रोजनची विद्राव्यता एका वातावरणाच्या दाबाला मिलिमागे सुमारे ०.०१३ मिलि. १३५० गुणिले ०.०१३ गुणिले ५४ भागिले ७६०, उत्तर मिनिटाला सव्वा मिलि. २५६ मिलि जायला दोनशेहून अधिक मिनिटं, साडेतीन तासांच्या आसपास.

म्हणजे फरक "पाचपट ऑक्सिजन" असा नाहीच. एका बाजूला हिमोग्लोबिन हा प्रचंड क्षमतेचा वाहक आहे आणि दुसऱ्या बाजूला निव्वळ विरघळण्यावर अवलंबून असलेला वायू. नायट्रोजन काढून टाकला की फुप्फुसाचा टेकूच काढल्यासारखं होतं.

शोषण रक्तच करतं हे सशांवरच्या प्रयोगांतून लिश्टहाइम यांनी १८७९ मध्येच मांडलं होतं. पुढे १९३० च्या आसपास कोरिलोस आणि बर्नबाउम यांनी कुत्र्यांमध्ये अडकलेल्या वायूचं शोषण तपासलं, आणि १९५२ मध्ये डेल आणि रान यांनी कुत्र्यांतच शोषणाचा वेग मोजून श्वासातला वायू बदलला की तो कसा बदलतो ते दाखवलं. वर्गात हे तीन टप्पे जरूर सांगा. प्रश्न एकच होता, पण दर वेळी मोजमाप जास्त नेमकं होत गेलं.

---

पशुशल्य

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर पडदे.

डुकराच्या फुप्फुसात प्रत्येक लोब्यूलभोवती (लोबच्या छोट्या घटकाभोवती) संयोजी ऊतीचा पूर्ण पडदा असतो. गाई-बैलांतही तसंच. कापलेल्या पृष्ठभागावर हे चौकोन नुसत्या डोळ्यांना दिसतात. कुत्र्यात आणि मांजरात हे पडदे जवळजवळ नसतातच. त्यामुळे कुत्र्यात शेजारच्या मोकळ्या भागातली हवा आडवाटेने अडलेल्या भागात शिरते. या आडवाटा तीन: वायुकोशांच्या भिंतींतली कोन यांच्या नावाची छिद्रं (१८९३), ब्राँकिओल (बारीक हवानळ्या) आणि वायुकोश यांना जोडणाऱ्या लँबर्टच्या वाटा (१९५५), आणि श्वसन-ब्राँकिओल एकमेकांना जोडणाऱ्या वाटा, ज्या मार्टिन यांनी १९६६ मध्ये कुत्र्यातच दाखवल्या. या प्रकाराला समांतर वायुवीजन म्हणतात. व्हॅन ॲलन आणि लिंडस्कोग यांनी १९३० च्या सुमारास हेच कुत्र्यांत दाखवून दिलं, आणि "ब्राँकस अडला की फुप्फुस मिटतंच" हा सरधोपट नियम तिथेच मोडला.

मेंढी आणि घोडा मधे येतात, त्यांचे पडदे अर्धवट असतात. माणूसही मधलाच. लहान बाळांत या आडवाटा कमी विकसित असतात, म्हणून श्लेष्माच्या छोट्या गुठळीनेही त्यांचा एखादा भाग पटकन मिटतो. एम्फिसिमासाठी (वायुकोशांच्या भिंती नष्ट होण्याच्या आजारासाठी) ब्राँकसमध्ये एकमार्गी झडप बसवण्याआधी समांतर वायुवीजन आहे का ते तपासतात, तेही याचसाठी. ते असेल तर झडपेपलीकडचा लोब मिटत नाही आणि उपचार वाया जातो.

पण एक गोष्ट विद्यार्थी हमखास चुकतात. कुत्र्यात लोबांमधल्या फटी खोल आणि बहुधा पूर्ण असतात. आडवाटा लोबच्या आत असतात, लोबांच्या मधे नाहीत. म्हणून कुत्र्यात सेगमेंट अडवला तर मिटणार नाही, आख्खा लोब अडवला तर मिटेल. "कुत्र्यात ॲटेलेक्टॅसिस होत नाही" हे विधान चूक आहे. कुठल्या पातळीवर अडवलं हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

---

श्वसनवर्ग

फारच स्पष्ट झालं, मनापासून आभार. वायुकोश, एक उपप्रश्न: प्राण्याला ५० टक्के ऑक्सिजन आणि उरलेला नायट्रोजन दिला तर वेळ बरोबर मधे येईल का? आणि ब्राँकस आधी अडवून मग ऑक्सिजन सुरू केला तर?

---

वायुकोश

मधे येत नाही. ऑक्सिजनच्या टोकाकडे झुकतो, आणि हे पाहून बहुतेकांना धक्का बसतो.

५० टक्क्यांवर रक्तातला नायट्रोजन ३५६ मिमी. ब्राँकस अडल्यावर आतला ऑक्सिजन शिरेच्या पातळीला आला की नायट्रोजन दाटून पुन्हा ६२० च्या वरच जातो. फरक आता ५४ नसून जवळजवळ २६६. शिवाय सुरुवातीचा नायट्रोजनच कमी असल्याने दोनतीन मिनिटांतच आकारमान ५७ टक्क्यांवर येतं. उरलेल्यात नायट्रोजन १६० मिलि, आणि तो मिनिटाला सहा मिलिने निघतो. म्हणजे साधारण अर्धा तास. साडेतीन तासांवरून अर्ध्या तासावर, फक्त २१ चे ५० केल्याने.

आधी अडवलं आणि मग दुसऱ्या फुप्फुसाला शुद्ध ऑक्सिजन दिला, तर आत साधी हवाच अडकलेली असते. पण रक्तातला नायट्रोजन धुतला जातो आणि फरक ६०० च्या दिशेने वाढत जातो. तेव्हाही वेळ तासांवरून दहा-वीस मिनिटांच्या घरात येतो, मात्र ऊतींतला नायट्रोजन हळूहळू सुटत असल्याने थोडा जास्त लागतो. म्हणून प्रयोगाच्या नोंदीत "ऑक्सिजन दिला" एवढं लिहून भागत नाही. अडवण्याआधी की नंतर, आणि आधी असेल तर किती मिनिटं, हे लिहायलाच हवं.

नायट्रस ऑक्साइड मात्र या प्रयोगात वापरू नये. तो नायट्रोजनपेक्षा तिसेक पट जास्त विरघळतो. ब्राँकस अडवल्यानंतर सुरू केला तर रक्तातून आत शिरून अडकलेली पोकळी आधी फुगवतो, आणि ब्लॉकरच्या (ब्राँकस अडवायला आत घातलेल्या, टोकाशी फुगा असलेल्या नळीच्या) फुग्यातही शिरतो.

---

पशुशल्य

वायुकोश यांच्या हिशेबाला एक महत्त्वाची जोड. त्यांनी रक्तप्रवाह स्थिर धरला आहे, प्रत्यक्षात तो राहत नाही.

वायुकोशातला ऑक्सिजन ४० ला उतरला की तिथल्या लहान धमन्या आकसतात. ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ मध्ये मांजरात दाखवलेली ही हायपॉक्सिक (ऑक्सिजन कमी पडल्यावर होणाऱ्या) आकुंचनाची प्रतिक्रिया डुकरात जोरदार असते, कुत्र्यात बरीच कमी-जास्त होते. साधी हवा अडकली असेल तर ती जवळजवळ लगेच सुरू होते. प्रवाह निम्मा झाला की शोषणाचा वेळ दुप्पट, म्हणजे साडेतीनचे सात तास. शुद्ध ऑक्सिजन अडकला असेल तर वायू संपत येईपर्यंत धमन्यांना हायपॉक्सिया जाणवतच नाही आणि प्रवाह टिकून राहतो. म्हणजे ऑक्सिजनवर वेगाने मिटण्याला हे दुसरं कारण आहे.

यातूनच भुलीच्या औषधाची निवड महत्त्वाची ठरते. श्वासातून द्यायची भूल या आकुंचनाला मात्रेनुसार दाबते, प्रोपोफॉल फारसं दाबत नाही. एका गटाला एक आणि दुसऱ्याला दुसरी भूल दिली तर तुलना वायूची होत नाही, औषधाची होते.

---

सीटी-आणि-काचपट्टी

रचना कुठे फसते हा भाग अजून कुणी घेतला नाही, तो मी घेतो.

डुक्कर, मेंढी, बकरी, गाय यांच्यात उजव्या वरच्या लोबचा ब्राँकस थेट श्वासनलिकेतून, मुख्य दुभाजनाच्या आधीच फुटतो. नळी जरा खोल गेली की त्याचं तोंड झाकलं जातं आणि तो लोब न ठरवता मिटतो. उलट उजव्या मुख्य ब्राँकसमध्ये ब्लॉकर ठेवला तर तोच लोब मोकळा राहतो आणि "उजवं फुप्फुस अडवलं" ही नोंद खोटी ठरते. म्हणून डुकरात डावा मुख्य ब्राँकस निवडतात, आणि नळीचं टोक कुठे आहे ते ब्राँकोस्कोपने पाहूनच निश्चित करतात. उंदरात शरीररचना अगदी वेगळी: डावं फुप्फुस एकाच लोबचं, उजवीकडे चार.

ब्लॉकरचा फुगा दुर्बिणीतून बघत, ब्राँकसची पोकळी जेमतेम भरेल इतकाच फुगवायचा. जास्त फुगवला तर तो श्वासनलिकेत निसटतो किंवा भिंत फाटते. कमी फुगवला तर प्रत्येक श्वासाला थोडी हवा आत जाते आणि बाहेर पडत नाही. मग भाग मिटण्याऐवजी फुगतो. झडपेसारखा अर्धवट अडथळा आणि पूर्ण अडथळा यांचे परिणाम एकमेकांच्या विरुद्ध असतात, म्हणून गळती तपासल्याशिवाय घड्याळ सुरू करू नये. तपासायची सोपी रीत अशी: ब्लॉकरच्या मधल्या पोकळीला नळी जोडून तिचं टोक पाण्यात बुडवायचं. व्हेंटिलेटरच्या प्रत्येक श्वासाला बुडबुडे आले तर फुगा गळतो आहे. बुडबुडे थांबल्यावर ती पोकळी बंद करायला विसरायचं नाही. ही सर्वांत जास्त वेळा होणारी आणि सर्वांत कमी वेळा लक्षात येणारी चूक आहे. पोकळी उघडी राहिली की आतला ऑक्सिजन जसा शोषला जातो तशी बाहेरची हवा, म्हणजे नायट्रोजन, आत ओढली जाते, आणि पाच मिनिटांचं काम तासावर जातं.

छाती उघडून ब्राँकस बांधायचा असेल तर लक्षात घ्या की छाती उघडताच फुप्फुस स्वतःच्या ताणाने काही सेकंदांत लहान होतं. ते शोषणामुळे झालेलं नाही. शोषण तिथून पुढे, लहान वाटा बंद झाल्यावर मागे उरलेल्या हवेचं सुरू होतं. दोन्ही वेगळे मोजायचे असतील तर छाती बंद ठेवूनच अडवणं बरं. बंद छातीत मेडिआस्टिनम (दोन फुप्फुसांमधला भाग) त्या बाजूला सरकतो, डायफ्रॅम वर चढतो, शेजारचा लोब फुगतो, आणि क्ष-किरण चित्रात ही सगळी खूण दिसते.

नियंत्रण गटाबद्दल तडजोड नको. भूल, स्नायू शिथिल करणारं औषध आणि पाठीवर झोपवणं एवढ्यानेही खालचा भाग मिटतो. म्हणून दुसऱ्या गटात तसाच ब्लॉकर, त्याच जागी, तोच ऑक्सिजन, तीच स्थिती, फक्त फुगा न फुगवलेला. हा गट नसेल तर नैतिकता समितीनेच आराखडा परत पाठवायला हवा, कारण निष्कर्ष न निघणाऱ्या प्रयोगात प्राणी वापरणं समर्थनीय नाही.

मोजमापाचं म्हणाल तर सीटीवर उणे १०० ते अधिक १०० हाउन्सफील्ड (एचयू, सीटीवरच्या घनतेचं एकक) मधला भाग वायुविरहित धरतात. दर व्हॉक्सेलमधला (सीटी चित्राच्या सूक्ष्म घनातला) वायूचा अंश ढोबळमानाने उणे एचयू भागिले १०००, त्यावरून उरलेला वायू मिलित काढता येतो. रक्तवायूंत शंट (हवेला न भेटताच फुप्फुसातून पुढे जाणारं रक्त) वाढल्याने ऑक्सिजन पडतो, मग पंधरा-वीस मिनिटांनी धमन्या आकसल्यामुळे थोडा सावरतो. हे सावरणं म्हणजे फुप्फुस उघडलं असं समजू नका.

शवविच्छेदनात दोन सापळे आहेत. छाती उघडण्याआधी श्वासनलिका क्लॅम्प करा, नाहीतर नियंत्रण गटाची फुप्फुसंही मिटून दोन्ही गट सारखेच दिसतील. आणि फॉर्मॅलिन श्वासनलिकेतून भरू नका. नेहमीच्या २० ते २५ सेंमी पाण्याच्या दाबाने भरलं की मिटलेले वायुकोश उघडतात आणि काचपट्टीवर सगळं निरोगी दिसतं. फुप्फुस-धमनीतून द्रव सोडून स्थिर करा. काचपट्टीशिवायही चांगली मोजणी होते: लोब पाण्यात बुडवून किती पाणी सरकलं ते मिलित मोजा, लोबचं ग्रॅममधलं वजन १.०६ ने भागून त्यातून वजा करा, उरतो तो वायू. पूर्ण वायुविरहित तुकडा बुडतो.

---

श्वसनवर्ग

पाण्यात बुडवून मोजणं वर्गात प्रत्यक्ष दाखवता येईल, छान. एक शेवटचं: अडथळा दिवसभर किंवा अधिक ठेवला तर लोब सपाट होत जातो का?

---

सीटी-आणि-काचपट्टी

बरेचदा नाही. छातीची भिंत आणि शेजारचे लोब जितके सरकू शकतात तितके सरकतात, त्यापुढे आतला दाब उणे होत जातो आणि वायुकोशांत द्रव ओढला जातो. अडलेले स्राव त्यात भर घालतात. लोब वायुविरहित असतो पण लहान नसतो, जड आणि घट्ट लागतो. याला बुडालेलं फुप्फुस म्हणतात. यात जंतुसंसर्ग झाला तर चित्र न्यूमोनियासारखं होतं, आणि मग "मिटण्याचं प्रमाण" आकारमानावरून मोजणं निरर्थक ठरतं. ओलं आणि कोरडं वजन दोन्ही घ्या.

उघडण्याच्या बाजूने सांगायचं तर वायू पूर्ण निघून गेलेला भाग नेहमीच्या श्वासाच्या दाबाने उघडत नाही. २० सेंमी पाण्याच्या वर त्याची सुरुवात होते, पूर्ण उघडायला ४० च्या आसपास दाब काही सेकंद धरावा लागतो. कित्येक दिवस मिटलेलं फुप्फुस एकदम फुगवलं तर त्यात पाणी उतरतं, म्हणून सावकाश.

---

पशुशल्य

विद्यार्थ्यांना विचार करायला लावणारं एक उलट उदाहरण देऊन ठेवतो. गर्भातल्या कोकराची श्वासनलिका बांधली तर फुप्फुस मिटत नाही, नेहमीपेक्षा मोठं होतं. गर्भात तिथे वायू नसतो, फुप्फुस स्वतःच द्रव स्रवत असतं, आणि तो बाहेर पडायची वाट बंद झाली की ताणामुळे ऊतीही वाढते. जन्मजात डायफ्रॅम हर्नियात खुरटलेली फुप्फुसं वाढवण्यासाठी गर्भाच्या श्वासनलिकेत फुगा ठेवण्याची कल्पना यातूनच आली. अडथळा तोच, पण आत वायू आहे की द्रव, आणि रक्त तो घेतं आहे की ऊती तो सोडते आहे, यावर दिशा ठरते.